शिंगाच्या मुठीतली पिन

उस्ताद, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला उर्दू लिहिता येत नाही. म्हणजे हे कागद तुमच्यापर्यंत पोचले असते, तरी तुम्हाला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागले असते. तुम्ही गेलात, आता ते होणार नाही, तेवढी एक चिंता कमी. तुमची मुलगी, आपा, गेल्या महिन्यात तारनाक्याहून रिक्षा करून चिक्कडपल्लीला माझ्या घरी आल्या. दुपट्ट्याच्या टोकाला तुमचा स्वतःचा वस्तरा बांधून आणला होता. तोच, काळ्या शिंगाच्या मुठीचा, ज्यानं तुम्ही रोज दुकान उघडायच्या आधी दाढी करायचात. पातं मुठीत गच्च बसलंय, उघडत नाही. "भाई, अब्बा का है. खुलना बस. और किसीकू नै देती मैं," म्हणाल्या. मी हो म्हटलं, आणि त्या जिना उतरून जाताच वस्तरा फडक्याखाली झाकून ठेवला.

पातं जिथं मुठीत फिरतं, तिथंच आतून गंज धरला होता. तो साफ करायचा तर पिन काढावी लागणार, आणि पिन काढायची म्हणजे तिचं तुम्ही ठोकून गोल केलेलं डोकं कानशीनं घासून टाकायचं. एकदा काढलेली पिन परत बसत नाही. तुमच्या हातचं दुसरं काहीच माझ्यापाशी उरलेलं नाही, आणि हे राईएवढं पितळी डोकं मीच घासून टाकायचं. त्यात शिंग जुनं, वाळून खडंग झालेलं. एक ठोका तिरका पडला की भोकापासून काठापर्यंत चीर गेलीच. तशी मूठ आता आणायची कुठून? माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं मी टाळतोय. मी पिनेवर घासलेटचे थेंब सोडायचो आणि वस्तरा परत फडक्याखाली झाकून ठेवायचो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, वस्तरा आहे की अंडं? किती दिवस उबवणार?"

सिकंदराबादचं तुमचं वस्तरे दुरुस्तीचं दुकान आठवतं. मी शाळा सोडून नुकताच आलोय, लाकडी पेटीवर बसलोय, आणि तुम्ही मला फक्त पिना काढायला देताय. मी कानस फिरवतो, फुंकर मारतो, बघतो, पुन्हा फिरवतो. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं म्हणता, "तू पिन निकालरा कि मन्नत मांगरा रे?" सगळे हसतात. मग तुम्हीच माझ्या हातातली मूठ घेऊन ठोकळ्यावर सरकवता, पिन बरोबर ठोकळ्याच्या भोकावर येईल अशी. "पैले उसकू जानेकू जगा दे. जगा नै दिया तो शिंग फाड़ के जाती." गिरमिटाला मी हात लावला की ओरडता, "नक्को! फिसला तो गया." या माणसाला कधी भीती वाटलीच नसेल, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे आयुष्यभर तसंच वाटत राहिलं.

गुरुवारी सकाळी बाल्कनीत चांगलं ऊन आलं होतं. पिनेचं डोकं घासलं, खालची पितळी टिकली सुटली. मूठ ठोकळ्यावर ठेवली, पिन ढकलायचा पंच टेकवला आणि हलका ठोका दिला. काही नाही. आणखी एक दिला. पिन भोकातून खाली पडली आणि शिंगाला काही झालं नाही. पातं बाजूला काढून मी मुठीच्या दोन पट्ट्या जराशा फाकवल्या आणि उजेडात धरल्या. आतल्या बाजूनं भोकापासून काठापर्यंत एक रेघ गेलेली. चीर. लाखेत शिंगाचा भुगा कालवून इतक्या सफाईनं भरलेली, की बाहेरून काळ्यावर काळं काहीच दिसू नये.

माझ्या तोंडून अरे देवा निघालं. बायको आतून धावत आली. "मोडलं ना?"

"आधीच मोडलं होतं."

"कुणी मोडलं?"

"उस्तादांनी."

"बघा! आणि तुम्हाला बोलायचे!" ती पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं, पण उशिरा.

त्या वस्तऱ्याला तुम्ही दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हतात. म्हणजे चीर तुमच्याच हातून पडली. मी यायच्या आधी पडली की नंतर? चार लोकांसमोर मला हसत होतात, तेव्हा ती चीर तुमच्या मुठीत होती का? हे मला तेव्हा सांगायला हवं होतंत, असं दोन दिवस वाटत राहिलं. आता वाटतं, सांगितलं असतंत तर मी घाबरून कामच सोडलं असतं. तुमचीही मूठ फुटते, मग माझी कशी टिकणार? एवढी अक्कल मला होती.

गंज काढला, तेल दिलं. पितळी तारेची नवी पिन घातली आणि हातोडी जेमतेम टेकवत तिचं डोकं गोल केलं. तुमच्यासारखं झालं नाही, थोडं चपटं राहिलं. तुम्ही भरलेल्या चिरेला मी हात लावला नाही. पातं आता सहज उघडतं, आणि जिथं सोडावं तिथं थांबतं. रोज सकाळी चहाआधी मी ते एकदा उघडतो आणि मिटतो. काल आपांचा फोन आला. "भाई, क्या हुआ?" वस्तरा माझ्या हातातच होता.

मी म्हटलं, "आपा, पिन निकलरीच नै."