दुसऱ्या कार्डाची नोंद

गोडादरा, सुरत
२७ सप्टेंबर १९९८

प्रिय सुकदेव,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र फोडलंस, म्हणजे माझ्याबद्दल तुझ्या मनात अजून काहीतरी शिल्लक आहे असं धरून चालतो. पाच वर्षं झाली. आई अजून दर दसऱ्याला तुझ्या वाटची आपट्याची पानं बाजूला काढून ठेवते आणि विचारते, "सुकदेव काबर येत नही रे?" मी दरवर्षी नवी थाप मारतो. एकदा तर तुला सासुरवाडीला पाठवून दिलं, तुझं लग्न झालेलं नसताना.

बातमी अशी की हजीऱ्याच्या कारखान्यातलं आपलं टेलिफोन एक्स्चेंज मोडीत निघतंय. ते करडं कपाट, त्यात ओळीनं खोचलेली कार्डं, पंख्याची ती घरघर, सगळं दिवाळीनंतर जाणार. नवं यंत्र खोक्यात येऊन पडलंय. त्यातही मुख्य कार्डं दोनच, एक राबणारं आणि एक तयार बसलेलं. पहिल्या दिवशी तू विचारलं होतंस, मग दुसरं काय फुकटचा पगार खातं? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की नुसतं खोचून भागत नाही. तू जोडीदार आहेस हे त्याला सांगावं लागतं, पहिल्याकडची सगळी माहिती त्याच्यात उतरवावी लागते, आणि मग पहिलं मुद्दाम बाहेर काढून बघावं लागतं की हे खरंच काम हातात घेतं का. तोवर त्याच्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही. काय ऐट होती माझी!

त्र्याण्णवच्या नवरात्रातलं तुला अर्धंच माहीत आहे. दुरुस्तीला गेलेल्या दुसऱ्या कार्डाच्या बदली नवं आलं. ते तू खोचलंस, कार्ड बसवल्याच्या चिठ्ठीवर सही केलीस आणि पुढच्या कामाला कीबोर्डवर बसणार तोच मी तुला उठवलं. तुझा नऊ दिवसांचा उपास, बस चुकेल, बाकीचं मी बघतो म्हणालो. पण मलाही घरी जायचं होतं, म्हणून ते दुसऱ्या दिवसावर ढकललं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी लूमवाल्याच्या घरात वाढलेला. त्या दिवशी बाबा माग बंद ठेवून, पुसून, तेल घालून हळदकुंकू वाहायचे. हत्याराला त्या दिवशी कामाचा हात लावायचा नाही, हे अंगात भिनलेलं. एक्स्चेंज बंद ठेवता येत नाही, पण चालू कार्ड उपसून काढणं माझ्या जिवावर आलं. मी कपाटाला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, साहेबांना पेढा दिला. साहेबांना सुट्टीआधी रजिस्टर पूर्ण हवं होतं. मी लिहिलं, 'दुसरं कार्ड जोडलं, अदलाबदल करून पाहिली, ठीक.' खाली सही ठोकली. दसरा झाला की पहिलं काम हेच, असं स्वतःला बजावलं. दसऱ्याला पाहुणे आले, मग अमळनेरला जाऊन आलो. दिवा हिरवा दिसत होता. मी विसरलो, सुकदेव.

रजिस्टरात सही ठोकल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी सव्वादहाला पहिलं कार्ड गेलं आणि दुसरं हिरवा दिवा लावून ढिम्म बसून राहिलं. सहाशे फोन मुके झाले. नेमकी तेव्हाच बॉयलरवर बन्सीलालच्या हातावर वाफ आली. अँब्युलन्ससाठी फोन लागेना, चौकीदार सायकल मारत गेला. बन्सीलाल वाचला, पण त्याची उजव्या हाताची बोटं अजून वळत नाहीत. कँटीनमध्ये तो डाव्या हातानं जेवताना दिसला की मी टेबल बदलतो.

चौकशीत साहेबांनी एकच विचारलं, कार्ड कुणी खोचलं? चिठ्ठीवर तुझी सही होती. तू कंत्राटी, मी कायम. रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. ते कुणी मागितलं नाही आणि मी काढलं नाही. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, मी फरशीकडे. हिशोब चुकता करून तुला बाहेर काढलं, तेव्हा गेटवर तूच मला म्हणालास, "मन्हा हातथूनच काही राही गयं व्हई, भाऊ." मी बघतो म्हटलेलं काम मी केलंच नसेल, ही शंकासुद्धा तुला आली नाही. ते वाक्य ऐकून मी मान हलवली होती. पाच वर्षांत मला सगळ्यात जास्त लाज त्या मान हलवण्याची वाटते.

गेल्या हंगामात बारडोलीला लग्नाला जाताना बस चलथाणच्या साखर कारखान्यापाशी थांबली. काट्यापाशी उसाच्या गाड्यांना हात करत तू उभा होतास, केस पांढरे व्हायला लागलेले. कार्डांच्या मागच्या बारीक तारा डोळे मिटून ओळखणारा माणूस! खाली उतरून चार पावलं चाललो असतो तरी पुरे होतं. मी खिडकीची काच ओढून घेतली.

आता हे पत्र का, ते सांगतो. गेल्या आठवड्यात साहेबांनी जुनी रजिस्टरं रद्दीत द्यायला सांगितली. त्र्याण्णवचं माझ्याच हाताला लागलं. ते गेलं असतं तर पुरावाच संपला असता, आणि खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी ते गठ्ठ्यातच राहू दिलं. मग काढलं. नव्या यंत्रावर दोन माणसं घ्यायची आहेत, पण तुझ्या नावावर निष्काळजीपणाचा तो शेरा असेपर्यंत तुला कुणी आत घेणार नाही. म्हणून मी सगळं लिहून काढलंय आणि मंगळवारी साहेबांच्या हातात देणार आहे, पानाच्या झेरॉक्ससकट. माझं व्हायचं ते होवो. पण असे तीन अर्ज मी याआधी लिहून फाडलेत, माझा मलाच भरवसा नाही. म्हणून मूळ पान आणि अर्जाची सही केलेली दुसरी प्रत या पाकिटात घातली आहे. दिवाळीपर्यंत कारखान्याकडून तुला काही कळलं नाही, तर समज की मी पुन्हा कच खाल्ली. मग माझी वाट पाहू नकोस, माझी दयामाया तर मुळीच करू नकोस, दोन्ही कागद घेऊन सरळ गेटवर ये. पहिलं बंद पडलं की दुसऱ्यानं काम हातात घ्यायचं, हे तुला मीच शिकवलं होतं.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
निंबा