थोडं गळलंच पाहिजे

आबा, आमच्या पंपातलं तेल पांढरं पडलं, आणि ते तुमच्यामुळं पडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आठवडा झाला मी तुमच्यावर चिडून आहे, आणि मेलेल्या माणसावरचा राग काढायचा कुठं हे मला कळून न्हाई राह्यलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी लेक तुम्हाला फोटोतच ओळखते. तरी पंपाच्या खोलीत मी खाली वाकले की तुम्ही माझ्या मागं उभे असता. चुना चोळलेल्या तंबाखूचा वास येतो. मी वळून बघत न्हाई. कुणी नसणार हे माहीत असतं, म्हणूनच बघवत न्हाई.

तुम्ही हे ठिकाण बघितलेलं न्हाई. बदनापूरहून जालन्याकडं निघालं की रोडला लागूनच मी गाड्या धुवायचं सेंटर टाकलंय. पण इथं गाडी आम्ही धूत न्हाई, ज्याची त्यानं धुवायची. माणूस गाडी आत घेतो, मोबाईलवरून पैसे भरतो, पाण्याची गन हातात घेतो आणि भरलेल्या पैशांचा वेळ संपून मशीन थांबेपर्यंत फवारा मारतो. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. "पैशे बी त्यानंच द्यायचे अन् घाम बी त्यानंच गाळायचा? बराबर धंदा काढला की गं तू!" तुमचे जावई ट्रकवर, सदा बाहेर. गिऱ्हाईक लेक आणि मी दोघी बघतो, मशीन मात्र मी एकटी. मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत न्हाई, आणि ही खोड कुणाची ते तुम्हाला सांगायला नको.

पोळ्याच्या सुमाराला गळती लागली. आधी गन गळायची. घोडा सोडला तरी तोंडातून पाणी ठिबकत राह्यचं. ती उघडली तर आतलं रबर चेपून गेल्तं, नवीन टाकलं. मंग पायपाला ओल दिसायला लागली. तेव्हा तुम्ही शिकवलं तसंच केलं. सगळं फडक्यानं कोरडं पुसलं, प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा घातला, पंप चालू केला आणि कुठला कागद आधी भिजतो ते बघत पालथ्या बादलीवर बसले. गनच्या पायपाजवळचा भिजला. तो जोड आवळला. पण एक कागद पंपाच्या पोटाखाली घातला होता, त्यावर टपकन एक थेंब पडला. मी हलले न्हाई. एक श्वास घेतला, सोडला, आणि दुसरा थेंब पडला. खरं सांगते आबा, मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले. म्हटलं, आपल्या ओळखीचं कुणीतरी भेटलं बाई या नव्या मशीनमध्ये.

साखर कारखान्यातलं तुमचं पंपहाऊस आठवतं ना? मी तुमचा डबा घेऊन आल्ते. तुम्ही बाहेर कुणाशी तरी बोलून राह्यले होते, आणि पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं आपण हुशारी दाखवावी. पाना घेतला आणि नट गच्च आवळून टाकला. थेंब बंद! मी डबा उघडून वाट बघत बसले, शाबासकीची. मंग जळका वास आला. शाफ्टभोवती कोंबलेली दोरी धुपायला लागली होती. तुम्ही धावत आलात, पंप बंद केला, आणि असे ओरडलात की बाहेरचा माणूस दारात येऊन उभा राह्यला. "अक्कल काय गहाण टाकली का? कुणी सांगितलं तुला आवळायला?" मी रडायला लागले. तुम्ही ते न बघता मेथीची भाजी-भाकरी खाल्लीत, हात धुतलेत, आणि मंग माझा हात धरून त्या नटाखाली नेलात. तो ढिला केला. माझ्या तळहातावर थेंब पडला, गार. "हे बघ, पोरी. ह्या थेंबानंच शाफ्ट थंड राह्यतो. एक श्वास, एक थेंब. थोडं गळलंच पाहिजे, न्हाई तर मशीन जळतं." आईच्या हातचं खाऊन तुमच्या तोंडाला मेथीचा वास येत होता. त्या दिवसाइतकं माझ्याशी तुम्ही पुन्हा कधी बोलला न्हाईत.

म्हणून मी तो थेंब पडू दिला. रोज सकाळी शटर उघडलं की आधी पंपाखाली हात धरायचे. थेंब पडला की बरं वाटायचं, जसं काही तुम्ही हजेरी लावून गेलात. लेक म्हणायची, "मम्मी, ते गळून राह्यलंय, मेस्त्रीला बोलव." मी म्हणायचे, तुला काय कळतं त्यातलं? तुमच्याच आवाजात म्हणायचे.

मागच्या आठवड्यात पंपाचा आवाज फुटला आणि गनला जोर येईना. जालन्याहून मेस्त्रीभाईला बोलावलं. त्यानं तेलाचं बूच काढलं, बोट बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाला दूध लागावं तसं, तेलात पाणी शिरून पांढरं झालेलं. "आपा, ये कबसे टपक रा?" मी म्हटलं, थोडं तर टपकणारच की भाई, आमचे वडील पंपावरच होते. तो वैतागला. "अरे वो दोरी वाले पंप रहते आपा, उनकू टपकना च होना. इसमें सील है. सील एक बूंद बी छोड़ी तो समझो गई. बाहर जितना दिख रा ना, उससे ज्यादा अंदर जा रा. बताना था ना पहले!" त्यानं नवीन सील बसवलं, तेल बदललं, चहा घेतला आणि गेला. पंप कोरडा ठणठणीत. मी हात धरून किती वेळ बसले, काहीच पडलं न्हाई, आणि तंबाखूचा वासही आला न्हाई.

म्हटलं, चला, सुटले. पण तुम्ही गेला नव्हतात आबा. तुम्ही पंपाच्या खोलीतून उठून माझ्या घरात आलात.

आता ती सकाळ सारखी डोळ्यापुढं येते. कारखान्याच्या कॉलनीतलं घर. आई चुलीपुढं. तुम्ही मोरीवर तोंड धुताय, चूळ टाकताय, आणि चूळ लाल. गालात आतून फोड आहे, दोन महिने झाले बसून न्हाई राह्यला. आई पीठ भरल्या हातानं उठते. "अहो, दवाखान्यात चला. मी पाया पडते तुमच्या." आणि तुम्ही तांब्याभर पाणी त्या लालवर ओतता, गमछ्यानं तोंड पुसता, आणि मिश्कीलपणे माझ्याकडं बघता. "पोरीला इचार. थोडं गळलंच पाहिजे, का गं?" आणि मी मान डोलवते. मला अभिमान वाटतो, की ही आपल्या दोघांचीच भाषा आहे, आईला कळत न्हाई. उसाचा हंगाम संपायच्या आत तुम्ही गेलात. जाताना तोंड उघडता येत नव्हतं, पाणीसुद्धा कापसानं पाजावं लागायचं. पंपाचा नियम पंपापुरता होता, आबा. तो तुम्ही स्वतःला का लावलात? आणि लावलात तर लावलात, माझ्या डोक्यात का घालून ठेवलात?

कारण आता ऐका. पाळी जाऊन मला तीन वर्षं होत आली. आणि दसऱ्यापासून मला पुन्हा डाग दिसून राह्यलेत. फार न्हाई, थोडेच. दोन दिवस काही न्हाई, मंग पुन्हा. मी बाथरूममध्ये त्यावर पाणी ओतते आणि दाराबाहेरून तुमचा आवाज येतो, स्पष्ट, हसरा. मी तो ऐकते, आणि मला लगेच बरं वाटतं. बाया बोलतात ते अंगावर काढणं म्हणजे हेच, हे मला कळतं. दुसरी कुणी असती तर मी तिला हाताला धरून नेलं असतं. पण तुमचा आवाज आला की माझे पाय तिथंच थांबतात, मान आपोआप डोलते. मेस्त्रीभाई गेल्यापासून त्याचंही वाक्य कानात आहे. बाहेर जेवढं दिसतं त्यापेक्षा आत जास्त जातंय. दोन्ही आवाज रोज भांडतात, आणि आजवर दर सकाळी तुम्हीच जिंकलात. मला तुमची भीती वाटायला लागलीय, आबा. लहानपणी तुम्ही मारलंत तेव्हासुद्धा वाटली न्हाई एवढी.

हे पत्र कुठं टाकणार? तुम्हाला पत्ता न्हाई. लिहायला बसले तेव्हा वाटलं, तुम्हाला चांगलं फैलावर घेतलं की मोकळी होईन. पण लिहिता लिहिता एक गोष्ट कळली, आणि ती कबूल करायला लाज वाटते. डागांचं मी अजून कुणालाच सांगितलेलं न्हाई. तुमच्या जावयांना न्हाई, लेकीला न्हाई. पहिलं तुम्हालाच सांगितलं, कारण ते सोपं आहे. दवाखान्यात चल असं न म्हणणारं माझं माणूस तुम्ही एकटेच.

लेक आत भाकरी टाकून राह्यली. तिला हाक मारते.