शाळा बंद करा म्हणून जिंकले

प्रिय बाबा,

तुम्हाला नमस्कार, आईला मिठी. राजधानीतला उन्हाळी वर्ग छान चालला आहे. जेवण पोटभर मिळतं.

काल वादविवाद झाला: कमी मुलांच्या शाळा बंद कराव्यात का? माझ्या वाट्याला 'कराव्यात' ही बाजू आली. तुमच्या लेकीने तोंडाचा असा पट्टा सोडला की पहिला नंबर! टाळ्या पडल्या. मला मात्र आपल्या दहा-बारा पोरांच्या शाळेचं कुलूप उघडणारे तुम्ही दिसत होतात. 

आज वर्गाच्या बाईंना म्हटलं, "मला उलट बाजू मांडायची आहे."

"मांड की शनिवारी. पण रडायचं नाही हं!"

आपली शाळा बंद होणार का, काही कळलं? मी जिंकले हे त्याच शाळेत शिकणाऱ्या धाकटीला सांगू नका. शनिवारी तिच्या शाळेच्या बाजूने बोलेन, मग सांगा.

तुमची तोंडाळ लेक