नवव्या तोंडावरची चप्पल

प्रिय दादा,

‘प्रिय’ बघून हुरळून जाऊ नकोस. पत्र असंच सुरू करतात एवढं शाळेत शिकले. पुढचं शिकायच्या आत मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावल्याबद्दल मला घरी पाठवलं. त्यामुळे शुद्धलेखन तपासत बसू नकोस. तू बसणार, माहीत आहे मला. लाल पेनही काढला असशील.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मध्येच ‘हे बघ, शांतपणे ऐक’ म्हणतोस आणि माझं डोकं फिरतं. कागद उलटून बोलत नाही. तेव्हा आता तू शांतपणे ऐक.

आधी तुझ्या लाडक्या बोअरची खुशाली. अकरा मारल्या होत्यास ना बागेच्या जमिनीत? सात कोरड्या पडल्या. आठवीतून पाण्यापेक्षा फुसफुस जास्त येते. उरलेल्या तीन एकमेकींचं पाणी ओढतात, म्हणजे एक चालू केली की शेजारची रुसते. दोनशे फुटांवर लागलेलं पाणी सहाशेवर गेलं. बागेतली झाडं उभी आहेत, पण नुसती उभी. वारा आला की खडखडतात. शाळेच्या भिंतीपासून आमच्या गल्लीपर्यंत जमिनीला भेग पडली आहे. हात जातो आत. मी घालून बघितला. कोपरापर्यंत. तुझ्या कंपनीचे साहेब आले होते, भेगेचे फोटो काढून गेले. सोबत फोटोत येण्यासाठी मी त्यांच्या मागे जीभ काढून उभी राहिले. तेवढीच आमची हजेरी.

आणि ह्याच साहेबांना तू आपल्या भुयारी पाटाबद्दल काय म्हणालास, मी ऐकलं होतं. ‘जुनी लाइन आहे सर, आता फारशी उपयोगाची नाही.’ जुनी लाइन! गटार असल्यासारखं. दादा, पाटकरी म्हणून तो पाट राखण्यात बाबांचा जन्म गेला, बाबांच्या बाबांचा गेला, तुझ्या इंजिनिअरिंगची फीसुद्धा त्याच पाण्यावर पिकलेल्या फळांची. डोंगराच्या पायथ्यापासून गावच्या हौदापर्यंत जमिनीखालून बोगदा, वर हवेला आणि माणसाला बावीस तोंडं, मोटार नाही, वायर नाही, वर्षातून चारदा पाऊस पडणाऱ्या गावात पाणी आपलं आपण चालत यायचं. उतार इतका बारीक की बाबा परातीत पाणी ठेवून बघायचे. हे कोणी केलं, किती शे वर्षांपूर्वी, कोणाला ठाऊक नाही. पण ज्याने केलं त्याने तुझ्यासारखं हेल्मेट घालून मिरवलं नसणार.

राग आला? येऊ दे. मला वर्षभर येतोय.

तुला चपलेचा नियम आठवतो का, असं विचारायची माझी हिंमत बघ. तुला नाही आठवणार तर कोणाला! पाटात उतरणाऱ्याने तोंडाच्या काठावर आपली एक चप्पल काढून ठेवायची आणि दुसरी पायात घालून उतरायचं. वर चप्पल म्हणजे खाली माणूस. तो वर येऊन स्वतःच्या हाताने चप्पल उचलेपर्यंत त्या तोंडाला कोणी हात लावायचा नाही. पहिल्यांदा उतरलास तेव्हा तू विसरलास आणि बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्या कानाखाली काढली. त्यानंतर तू असा सुधारलास की अंघोळीला जातानाही दाराशी एक चप्पल ठेवायचास. आई हसून हसून बेजार व्हायची. मी ती चप्पल पळवायचे आणि तू ओल्या अंगाने आतून ओरडायचास, ‘भिंगरे, माझी चप्पल जागेवर ठेव!’

मी काय करायचे तेही सगळ्यांना माहीत आहे. कोणाच्या तरी फाटक्या चपला रिकाम्या तोंडांवर ठेवायचे. सहाव्या तोंडावर तिघे जण दुपारपर्यंत हाका मारत बसले होते, खाली होतं कोण, तर बेडूक. तेव्हा बाबांनी घरातल्या सगळ्या जुन्या चपला जाळल्या आणि म्हणाले, ‘पुन्हा असली थट्टा केलीस तर तुलाच खाली ठेवीन.’ तेव्हापासून गावात एक गोष्ट पक्की झाली. भिंगरीच्या चपलेला फसायचं नाही, पण बाबांची चप्पल दिसली, टायरचा तळ आणि पट्ट्याला हिरवी वायर गुंडाळलेली, की समजायचं खाली माणूस आहेच.

आता तो मंगळवार. तुझ्या बोअरच्या गाडीच्या रस्त्यात चौदावं आणि नववं तोंड येत होतं. ती बुजवायची ठरली. गावाने सह्या दिल्या, कारण तू गावचा मुलगा. बाबा म्हणाले होते, ‘बुजवायचं तर बुजवा, पण आधी चप्पल बघा.’ आणि बुजवायच्या आत खालचा दिवा आणि पहार काढून आणावी म्हणून ते सकाळीच नवव्यातून उतरले. तू बुलडोझर घेऊन आलास आणि नववं बुजवलंस. बाबा खाली असताना.

पुढे काय झालं ते गाव अजून सांगतं. मातीच्या ढिगावर बाबांची चप्पल अर्धी गाडलेली मिळाली. तू म्हणत राहिलास, ‘इथे नव्हती, चप्पल चौदाव्यावर होती, मी डोळ्यांनी बघितली.’ हौदावर पाणी वाटून देणारा तुझ्या तोंडावर म्हणाला, ‘शिकलास आणि खोटं बोलायलाही शिकलास.’ बाबा पाच तास अंधारात पाण्याच्या उलट चालत, सरपटत, डोंगराखालच्या पहिल्या तोंडातून वर आले, कारण मधल्या तोंडांना चढायला खाचा नव्हत्या. उजव्या पायाची दोन बोटं दगडाखाली गेली. वर आल्यावर त्यांना सगळं कळलं आणि ते एवढंच म्हणाले, ‘बोअर मारली ते समजू शकतो. चप्पल दिसूनही माती लोटली ते नाही. हा माझ्या घरात नको.’ तू बॅग उचललीस.

तेव्हापासून घरात तुझं नाव नाही. आईने तुझा पेला माळ्यावर टाकला. दर आठवड्याला खाली काढते, घासते, परत वर टाकते. विचारलं की म्हणते धूळ बसते. बाबा लंगडत हौदाकडे जातात, कोरड्या हौदात बघतात, परत येतात. आणि तू तिकडे शहरात गप्प. एक चिठ्ठी नाही, एक शिवी नाही. मला तुझ्या बोअरपेक्षा ह्या गप्प बसण्याचा जास्त राग आहे. कोणी सांगितलं होतं तुला एवढं मोठं मन दाखवायला?

कारण तुला माहीत होतं. ढिगाशी सगळे तुझ्यावर ओरडत होते तेव्हा तू एकदाच माझ्याकडे बघितलंस. माझ्या हातांकडे. ते मातीने भरले होते. आणि तू तोंड मिटलंस.

तर लिहिते. बाबा उतरले, मी नवव्याच्या काठाशी बसले होते. मला वाटलं, तुझ्या बुलडोझरला जरा चौदाव्यावर तिष्ठत ठेवावं. फाटक्या चपलेला तू फसला नसतास. म्हणून बाबांची खरी चप्पल नवव्यावरून उचलली आणि पळत जाऊन चौदाव्यावर ठेवली. दहा मिनिटांत परत आणणार होते. मातीच्या ढिगामागे लपून बघत होते. तू आलास, चप्पल बघितलीस, हेल्मेट काढलंस, खाली वाकून तीनदा हाक मारलीस. मला इतकं हसू येत होतं की मी ओढणी तोंडात कोंबली. मला वाटलं आता बसशील उन्हात. तू ड्रायव्हरला म्हणालास, ‘इथे बाबा आहेत, ह्याला हात लावायचा नाही. तोवर नववं करून घेऊ.’ हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, दादा. देवाशपथ नव्हतं. मशीन वळेपर्यंत मी हसतच होते. मग चप्पल घेऊन धावले, ओरडले, पण त्या इंजिनापुढे माझा आवाज काय पोचणार. तू नवव्यावरही वाकून हाक मारलीस, मी बघितलं. बाबा आत लांब गेले होते, आणि एका कानाने त्यांना तसंही ऐकू येत नाही. मी पोचले तेव्हा माती पडून गेली होती. मी नखांनी उकरायला लागले, आणि हातातली चप्पल तिथेच पडली. ती मी टाकली की पडली, हे मी स्वतःला वर्षभर विचारतेय. बहुतेक टाकली.

नियम तू पाळलास. म्हणूनच बाबा गाडले गेले. मोडला मी.

हे आज का लिहितेय ते ऐक. सहा महिने मी दहाव्यातून उतरून नवव्याची माती काढतेय. काल पलीकडून पाणी आलं. बोटाएवढं, पण आलं. हौदापर्यंत जाईल की नाही देव जाणे, तुझ्या बोअरनी खालचं सगळं ओढलंय, आणि त्याबद्दल मी तुला सोडणार नाही, भांडण तिथंच आहे. पण बाबांनी काठावर बसून मी वर आणलेल्या बादलीतल्या पाण्यात हात घातला आणि मला म्हणाले, ‘तू एकटीच निघालीस पाटकऱ्याच्या रक्ताची.’ हे मला गिळवलं नाही. तिथेच सगळं सांगितलं. वाटलं काठीने मारतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘चौदाव्यावर चप्पल बघून तो थांबला होता?’ मी म्हटलं, हो. ‘हाक मारली होती?’ तीनदा. मग बराच वेळ त्यांनी तोंड धुतलं. पाणी थोडं होतं, तरी धूतच राहिले. घरी आल्यावर आईला म्हणाले, ‘तो पेला खालीच राहू दे.’ माझ्याशी मात्र तेव्हापासून बोललेले नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ह्या पत्राची दुसरी प्रत मी हौदाच्या भिंतीवर चिकटवली आहे, मास्तरांच्या खुर्चीवाल्याच डिंकाने, म्हणजे कोणाला उपटता येणार नाही. तू ये. आधी मला कानाखाली दे, मग बोअरवरून भांडू. उंबऱ्यावर बाबांनी सकाळपासून स्वतःची एक चप्पल काढून ठेवली आहे आणि तू येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, असं बजावलंय. मी लावलेला नाही.

नाइलाजाने पण तुझीच,
भिंगरी