कडी नसलेले दार

७ ऑगस्ट २०१९
या वहीची आधी क्षमा मागते. अर्ध्या गावाचे संसार पुराच्या पाण्यात असताना मी स्वतःविषयी लिहावे, हा आगाऊपणाच! पण बोलायचे कोणाशी? आई बेळगावला मावशीकडे अडकली आहे. वडील, अण्णा, पुरुषांच्या खोलीत. पूरग्रस्तांची छावणी झालेल्या निपाणीच्या या शाळेत, बायकांच्या वर्गात, विड्या वळणाऱ्या बावीस जणी आणि मी. त्या एकमेकींच्या वेण्या घालतात. मी भिंतीकडे तोंड करून वाचते.

८ ऑगस्ट
न्हाणीघराला कडी नाही. दाराशी राजाबाई उभ्या राहतात — यल्लम्मा देवीला सोडलेल्या जोगती. आधार कार्डावर ‘परशराम, पुरुष’. जगतात मात्र बाई म्हणूनच. “निवांत आंघोळ कर, पोरी. मी हाय तवर माशी बी न्हाय येत आत!” स्वतः झोपतात व्हरांड्यात, ओल्या फरशीवर.

९ ऑगस्ट
काल रात्री व्हरांड्यात कोणीतरी राजाबाईंचे लुगडे ओढले. छावणीचा कारकून सकाळी आमच्या वर्गात आला. “हिला आत घ्यायला कोण तयार? हात वर करा. न्हायतर सोमवारपासून पुरुषांच्या खोलीत.”
एकही हात वर गेला नाही.
शाळेची दहा वर्षे प्रत्येक तासाला सर्वांत आधी वर जाणारा माझा हात! तो पुस्तकाखाली होता.
दारात उभ्या राजाबाई हसल्या. “असू दे गं. आंघोळीला हाक मारा म्हंजे झालं.”

१० ऑगस्ट
आज आंघोळ केली नाही. हाक मारायची लाज वाटली.

११ ऑगस्ट, दुपार
तहसीलदारांना अर्ज लिहिला — राजाबाईंना बायकांच्या वर्गात जागा द्यावी. मराठीत, खाली माझ्या मोडक्या कन्नडमध्ये चार ओळी. अंगठ्यासाठी तो वर्गातल्या सर्वांत थोरल्या जयाबाईंपुढे धरला. त्यांनी आधी तो माझ्याकडून वाचून घेतला.
“झ्याक लिवलंस. तुझं नाव कुठं हाय?”
अण्णांनी बजावले होते, “पाटलांच्या घरचं नाव असल्या कागदावर नको.”
“व्हय गं, अक्षर तुझं आन् अंगठं आमचं? त्या दिशी आमी भ्यालो, तू बी भ्यालीस. आता आमीच तेवढं शूर व्हायचं?”

११ ऑगस्ट, सायंकाळ
पहिली सही माझी — त्रिशला पद्मराज पाटील. खाली बावीस जणींचे अंगठे. उत्तराची वाट न पाहता जयाबाईंनी राजाबाईंची वळकटी आत आणली आणि माझ्या भिंतीशी टाकली. “हिला बी वाचून दाखीव काय ते!”
अर्जाचा फोटो तहसीलदारांना पाठवला: रविवार, ११ ऑगस्ट २०१९, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे.