दोन पाखरांचे डोळे

प्रिय माई,

उद्या सकाळी अंकाचा शेवटचा फर्मा छपाईला जायचा आहे आणि तुझ्या चित्राखालच्या दहा ओळी माझ्याकडून लिहून होत नाहीत. वीस वर्षं साप्ताहिकात काढली, मजकूर कधी अडला नाही. आज अडलाय, म्हणून तुलाच लिहितोय.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याचा विशेष अंक आहे. संपादक म्हणाले, "बहिणीचं ते झाडाचं चित्र पुन्हा छापा." छपाईला ब्लॉक जुनाच आहे, पण ओळी लिहायला मूळ चित्र समोर हवं, म्हणून ते आणायला काल देवळीला तुमच्या घरी गेलो. तुझ्या तेरवीनंतर पहिल्यांदाच.

आठवतं? नागपंचमीला तू भिंतीवर नागांशेजारी काढायचीस ते झाड मी कागदावर काढायला लावलं होतं. माझाच टाक, माझीच काळी शाई. "पेपरवाल्याची बहीण झाली म्हून मले बी कामाले लावतं काय रे?" म्हणालीस, आणि तरी काढलंस. मोहाचं झाड, फांद्यांइतकीच लांब मुळं, मुळांशी मुंग्यांची रांग, विंचरलेल्या केसांसारखी नदी. फांद्यांवर सात पाखरं.

खालच्या फांदीवरच्या दोघांना डोळे नव्हते.

आपल्याकडे डोळे सगळ्यात शेवटी काढतात, डोळे काढले की चित्रात जीव येतो, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच वाटलं, घाईत राहून गेले. ब्लॉक करायला चित्र नागपूरच्या गाडीनं पाठवायचं होतं. टाक बुडवला आणि दोन ठिपके दिले. खाली लिहिलं, 'रानाचा आनंद पाखरांच्या डोळ्यांत उतरला आहे.' काय वाक्य!

अंक घेऊन आलो तेव्हा तू वांगी चिरत होतीस. बराच वेळ पाहिलंस.

"डोये तू काढले काय?"

"हो, तुझे राहिले होते."

"बरं," म्हणालीस. "जेवून जाजो."

त्यानंतर तू टाक हातात घेतला नाहीस. का, ते मी विचारलंही नाही.

काल भाऊजींनी पेटीतून चित्र काढलं आणि त्या दोन पाखरांवर बोट ठेवलं. "हे आमचे दोन लेकरं. जन्मले तेच निपचित. डोये उघडलेच नाई. पण पाहा बाळाभाऊ, तुमाले चित्र देताना तुमच्या माईनं त्याइले डोये देल्ले. तिचं मन शांत झालं होतं. तेवढंच एक सुख हाय मले."

मला दोन्ही वेळा एवढंच कळलं होतं, की तू आजारी आहेस.

माई, तू भाऊजींनाही सांगितलं नाहीस? मला वाचवायला? की सांगून काही परत येत नाही, हे तुला कळून चुकलं होतं? एकदा माझ्यावर ओरडायचं तरी होतंस गं!

सकाळी ब्लेड घेऊन बसलो होतो. मग लक्षात आलं, खरवडलेलं भाऊजींना दिसेल. ठेवून दिलं.

आता दहा ओळींत झाड लिहीन, मुळं लिहीन, नदी लिहीन. खालच्या फांदीबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. आणि भाऊजी आहेत तोवर ते डोळे तुझ्याच हातचे राहतील. मी तोंड उघडणार नाही, हे वचन. माफी मागावी असे आता तेवढे एकच उरलेत, आणि त्यांच्याकडेच ती मागता येत नाही.

तुझा,
बाळ्या