निकिताची पिवळी गोळी

४ जानेवारी
आली बाप्पा सासरी. आर्णीपासून सहा किलोमीटर, खेडंच म्हणा, पण घर मोकळं आहे, नळ अंगणात आहे अन् सासूबाई जीव लावते. रजतले पहिल्या बायकोची सहा वर्षांची पोरगी आहे, निकिता. तिची माय तापात गेली. माही आई रडत होती, लेकीले सावत्र माय केलं म्हणून. मले तं पोरगी पाहताच आवडली. काडीसारखी आहे, पण सरळ मांडीत येऊन बसली. मी ठरवलं, हिले सहा महिन्यांत गुबगुबीत करीन.

७ जानेवारी
खरं लिहाचं तं वासानं जीव गेला माहा. चार वर्षांची असताना निकिताच्या आतड्याले पीळ पडला होता. नागपूरले निम्म्याहून जास्त आतडं कापून काढलं. तेव्हापासून खाल्लेलं अंगी लागत नाही. दिवसातून पाच-सहा खेपा बसते, अन् ते तेलकट, पांढुरकं, बादलीभर पाणी टाकलं तरी तवंग राहते. तिले धुतल्यावर दोनदा साबण लावला तरी बोटं बुळबुळीत. मले जेवण गेलं नाही. सासूबाईचं मात्र कौतुक. घरात संडास असून पोरीले परसात राखेवर बसवते, मंग निंबाची काडी अन् तांब्या घेऊन स्वतः मागं जाते. मले म्हणते, नवी नवरी तू, कायले हात भरवते?

१२ जानेवारी
आजपासून सासूबाई रोज दुधासंगं मले एक पिवळी गोळी देणार. अंगात रगत भरते, पाळणा लवकर हलते म्हणे. पाह्यलं तं डॉक्टरनं निकिताले लिहून देल्लेली व्हिटामिनची गोळी. पोरीची मले कायले, असं विचारलं. तिची तिले देतोच, म्हणे, हे उरलेली आहे. घेतली. खरबरीत होती, रंग उडालेला. जुनी असन.

१६ जानेवारी
दिवस बुडाला की निकिताले दिसत नाही. काल चालत येऊन दाराच्या चौकटीवर आपटली. पायावर निळे-काळे डाग आहेत, न पडता. दात घासले की हिरड्यांतून रगत. शेजारच्या हंसाबाईनं डाग पाह्यले न मले सुनावलं, नवी आली तं जरा हात आवरत जाय. मी बोट लावलं नाही लेकराले. मोरीत जाऊन रडली.

१९ जानेवारी
आज पाह्यलं. लिहाले हात होत नाही.
सासूबाई परसात उकिडवी बसून निकिताची घाण काडीनं उकरत होती. त्यातून पिवळी गोळी काढली, अख्खी. तांब्यातल्या पाण्यानं धुतली, पदराले पुसली, डबीत टाकली. मी विचारलं तं न लाजता सांगतलं, तिच्या पोटातून जशीच्या तशी निघते, मंग इतकी चांगली गोळी फेकाची कशी, ज्याच्या पोटात टिकते त्यानं खावं.
आठ दिवस. दुधासंगं. मी.
ओकून ओकून पित्त पडलं.

२० जानेवारी
निकिताच्या जुन्या कागदावरचा दवाखान्याचा नंबर लावला. तिथली सिस्टर घाबरलीच. आतडं कमी झालं की गोळी पुरी जिरत नाही म्हणे, म्हणून तं गोळीसंगं महिन्याचं इंजेक्शन लिहिलं होतं. शेवटचं कधी देल्लं? सासूबाई म्हणे, दीड वर्ष झालं, सुई पाहून पोरगी रडे, अन् गोळी चालूच होती. सिस्टर म्हणे, निळे डाग म्हणजे रगत गोठत नाही, आजच्या आज आणा. रजत म्हणे, वावरात मजूर लागलेत, सोमवारी पाहू. मी एकटी नेते म्हटलं तं सासूबाईनं पोरीले सोडलं नाही. माणूस आहे का कोण आहे हा.

२१ जानेवारी
माहंच तोंड मले घाण वाटते. निकिता मांडीत आली, न मी अंग चोरलं. लेकराची किळस केली मी. तिले समजलं — दूर जाऊन बसली. थू माह्यावर.

२२ जानेवारी, दुपार
वेळ लिहून ठेवते, डॉक्टरले सांगाले. अकरा वाजता निकिताचा दुधाचा दात पडला. आपोआप. मी मारलं नाही.
साडेबारा. रगत थांबत नाही. कापूस दाबते, भिजते, परत —
एक. रजतचा फोन लागत नाही. पिंटूचा ऑटो बोलावला. हंसाबाईनं पोरीचं तोंड पाह्यलं न बोंब मारली, सावत्र मायनं दात पाडला म्हणून. बाया जमल्या. माह्या मांडीतून ओढून नेली —

दीड. निकिताले घरात नेऊन आतून कडी लावली त्यांनी. सासूबाई म्हणते दात पडून कोणी मरते का, हळद भरली. दार ठोकून हात सुजले. सिस्टरचं सांगतलं — कोणी ऐकत नाही. ऑटो दारात सुरू आहे.
निकिता आतून आई म्हणून राह्यली. मले. पहिल्यांदा.

पावणेदोन. आता हळू म्हणते —
पिंटूले म्हटलं पहार आण, दार —
आता नुसतं आ —